शनीचे रंग कोण ठरवते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकाच्या मधल्या दोन पानांवर शनीचे आणि त्याच्या उपग्रहांचे एक मोठे रंगीत छायाचित्र छापले होते. ‘कॅसिनी’ यानाने पाठवलेल्या कृष्णधवल प्रतिमांपासून हे छायाचित्र तयार केले आहे, अशी एक ओळ त्याखाली होती. त्या एका ओळीवर मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून पत्रे आली, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला शनीचे जुने देवस्थान आहे. लहानपणापासून शनी म्हटले की काळा-निळा रंग, काळे तीळ आणि काळे उडीद हेच डोळ्यांसमोर येते. आपल्या छायाचित्रात मात्र शनी पिवळसर सोनेरी दिसतो. त्यातही मूळ प्रतिमा कृष्णधवल आहेत असे आपणच लिहिले आहे. मग हा सोनेरी रंग भरला कोणी? संगणकावर बसून मनाला येईल तो रंग देता येत असेल, तर अशा छायाचित्रावर विश्वास का ठेवावा? (एक वाचक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. हा रंग भरलेला नाही, तो मोजलेला आहे. भरणे आणि मोजणे यांतला फरक नीट कळावा म्हणून कॅसिनीचा कॅमेरा थोडा उघडून पाहावा लागेल.

कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले, जुलै २००४ मध्ये शनीभोवतीच्या कक्षेत शिरले आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी ठरवून शनीच्याच वातावरणात विलीन करण्यात आले. या तेरा वर्षांत त्याने साडेचार लाखांहून अधिक प्रतिमा पाठवल्या. त्यावर दोन कॅमेरे होते : दूरचे बारकावे टिपणारा २००० मिलिमीटर नाभीय अंतराचा एक, आणि विस्तृत दृश्य टिपणारा २०० मिलिमीटरचा दुसरा. दोन्हींच्या संवेदकावर १०२४ गुणिले १०२४ चित्रकण, म्हणजे पिक्सेल, होते. असा संवेदक रंग ओळखत नाही. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढाच आकडा प्रत्येक पिक्सेल सांगतो. आपल्या खिशातल्या मोबाइलचा संवेदकही रंगांधळाच असतो; फक्त त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाचा अतिसूक्ष्म फिल्टर कायमचा बसवलेला असतो आणि शेजारपाजारच्या पिक्सेलांवरून उरलेल्या दोन रंगांचा अंदाज मोबाइल स्वतः बांधतो. अंतराळयानाला अंदाज परवडत नाही. म्हणून कॅसिनीच्या प्रत्येक कॅमेऱ्यात फिल्टर बसवलेली दोन फिरती चाके होती. दूरच्या कॅमेऱ्यात मिळून २४ आणि विस्तृत कॅमेऱ्यात १८ फिल्टर होते. चाक फिरवून लाल फिल्टर पुढे आणायचा, एक प्रतिमा घ्यायची. मग हिरवा, मग निळा. अशा तीन कृष्णधवल प्रतिमा पृथ्वीवर आल्या की लाल फिल्टरमधली प्रतिमा पडद्यावर लाल प्रकाशात, हिरव्यातली हिरव्या प्रकाशात आणि निळ्यातली निळ्या प्रकाशात एकावर एक ठेवायची. ही रीत अंतराळयुगाच्या पुष्कळ आधीची आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये एका रंगीबेरंगी फितीचे रंगीत चित्र याच पद्धतीने पडद्यावर दाखवले होते.

आता या तीन प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून पाहू. लाल फिल्टरमध्ये शनीचा गोल उजळ दिसतो, हिरव्यात थोडा मंद होतो आणि निळ्यात स्पष्टपणे काळवंडतो, कारण शनीच्या वातावरणात उंचावर असलेले धुरकट थर निळा प्रकाश शोषून घेतात. कडी मात्र मुख्यत्वे पाण्याच्या बर्फाची असल्याने तिन्ही प्रतिमांत त्यांच्या उजळपणात फार फरक पडत नाही. निळ्यात ती किंचित उतरतात, एवढेच. ज्या वस्तूतून लाल आणि हिरवा प्रकाश भरपूर येतो आणि निळा कमी येतो, ती आपल्या डोळ्याला पिवळसर दिसते. सोनेरी गोल आणि फिकट मातकट-पांढरी कडी हे त्या छायाचित्रातले चित्र तीन आकड्यांच्या गुणोत्तरातून आलेले आहे. त्याच प्रतिमा गेवराईत बसून आपण जोडल्या, तरी शनी सोनेरीच येईल.

तरीही माणसाला काही निर्णय घ्यावेच लागतात, आणि ते लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. पहिला निर्णय पांढरा कशाला म्हणायचे, हा. सामान्यतः सूर्यप्रकाशात धरलेला पांढरा कागद जसा दिसेल ते पांढरे मानून प्रत्येक फिल्टरमधला आकडा त्या फिल्टरमधल्या सूर्यप्रकाशाच्या प्रमाणात मांडतात. दुसरा निर्णय उजेडाचा. शनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश आपल्याकडच्या सुमारे नव्वदाव्या हिश्श्याइतका असतो, तेव्हा छायाचित्र पाहण्याजोगे व्हावे म्हणून ते उजळावे लागते. पण तिन्ही रंग सारख्याच पटीने उजळले, तर रंग बदलत नाही. तिसरा निर्णय असा की संवेदकाचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतात आणि संगणकाचा पडदा तसा चालत नाही, म्हणून मधल्या छटा एका ठरावीक गणिताने वर उचलाव्या लागतात. ही पायरी गाळली, तर चित्र काळोखे आणि भडक होते. इंटरनेटवर फिरणारी शनीची गडद नारिंगी छायाचित्रे पुष्कळदा याच चुकीतून जन्मतात.

राहिला निळा. देवस्थानातल्या शनीचा काळा-निळा रंग ही उपासनेची परंपरा आहे आणि ती ग्रहाच्या ढगांवरून तपासण्याची वस्तू नव्हे. परंतु शनीच्या गोलावर खरोखरचा निळा रंगही दिसलेला आहे, हे आपल्याला नक्की आवडेल. कॅसिनी पोहोचले तेव्हा शनीच्या उत्तर गोलार्धात हिवाळा होता. ऊन कमी आणि त्यात कड्यांची सावली, यामुळे तिथला धुरकट थर विरळ झाला होता. अशा स्वच्छ वातावरणात सूर्यप्रकाश विखुरला की निळा अधिक विखुरतो. आपले आकाश ज्या कारणाने निळे दिसते, तेच हे कारण. त्या काळातल्या प्रतिमा जोडल्या की उत्तर गोलार्ध मऊ निळा येतो आणि त्यावर कड्यांच्या सावलीच्या बारीक काळ्या रेघा दिसतात. शनीचे वर्ष आपल्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांचे. जसजसा तिथे उन्हाळा आला, तसतसा धुरकटपणा वाढला, आणि मे २०१७ मधल्या अयनापर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत, तोच भाग सोनेरी झाला. उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रसिद्ध षट्कोनी वाऱ्यांच्या आतला भागही २०१२ ते २०१६ या काळात निळसरपणा सोडून सोनेरी होताना टिपला गेला. रंग मनाने भरले असते, तर हा ऋतुबदल कोणाच्या हाती लागला असता?

प्रश्न : माझा जालन्यात ऑफसेट छपाईचा व्यवसाय आहे. चार रंगांच्या प्लेटा एकावर एक बसवणे हे रोजचे काम असल्याने आपले छायाचित्र पाहून मलाही करून पाहावेसे वाटले. कॅसिनीच्या संकेतस्थळावरून लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरच्या तीन कच्च्या प्रतिमा उतरवल्या आणि एकत्र केल्या. कडी उत्तम बसली. पण पुढे असलेल्या उपग्रहाचे मात्र लाल, हिरवा आणि निळा असे तीन अर्धवट गोळे झाले. लग्नपत्रिकेत रजिस्टर, म्हणजे रंगांच्या प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, सरकले की अक्षराला रंगीत कड येते, तसेच हे दिसते. पण प्लेट सरकली म्हणावी, तर बाकी सगळे जुळलेले आहे. शिवाय रंगही काहीसा हिरवट आला. माझे कुठे चुकले? (छपाई व्यावसायिक, जालना)

उत्तर : रजिस्टरबद्दल आपले काहीही चुकलेले नाही. छापखान्यात चारही प्लेटांवरचे चित्र एकच असते, सरकतो तो कागद किंवा प्लेट. इथे दोन प्रतिमांच्या मधल्या वेळात मूळ देखावाच सरकलेला आहे.

आपण उतरवलेल्या प्रतिमांच्या अभिलेखागारातील नावांकडे एकदा पाहा. नाव इंग्रजी ‘एन’ किंवा ‘डब्ल्यू’ या अक्षराने सुरू होते : ‘एन’ म्हणजे दूरचा, अरुंद दृश्याचा कॅमेरा आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे विस्तृत कॅमेरा. त्यापुढचा दहा अंकी आकडा यानाच्या घड्याळाचे सेकंद दाखवतो. म्हणजे दोन प्रतिमांच्या नावांची वजाबाकी केली की त्यांच्यामध्ये किती सेकंद गेले, ते कळते. समजा, ते ४० सेकंद निघाले. दूरच्या कॅमेऱ्यातून दहा लाख किलोमीटरवरची वस्तू पाहिली, तर एक पिक्सेल सुमारे ६ किलोमीटरचा होतो. शनीचा ‘रिया’ हा उपग्रह आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे साडेआठ किलोमीटर चालतो. ४० सेकंदांत झाले ३४० किलोमीटर, म्हणजे छप्पन-सत्तावन्न पिक्सेल. रियाचा व्यास सुमारे १५३० किलोमीटर, म्हणजे या अंतरावरून तो अडीचशे पिक्सेलांचा दिसेल. आपल्या चित्रातले ‘अर्धवट गोळे’ कसे झाले, ते या गणितात पूर्ण बसते. एन्सेलाडस तर याहून वेगवान आहे, सेकंदाला साडेबारा किलोमीटरहून थोडा अधिक. कडी मात्र जुळली, याचे कारण तिथला प्रत्येक बर्फाचा कण फिरत असला, तरी कड्यांचा आकार जागच्या जागीच राहतो. नदीचे पाणी वाहते, पण काठ सरकत नाही, तसे. आणि यान स्वतःही चाललेले असते, त्यामुळे जवळच्या भेटीत तिन्ही प्रतिमांचे मापही किंचित वेगळे येते. तिथे नुसते सरकवून भागत नाही, प्रतिमा थोडी लहान-मोठी करावी लागते.

उपाय आपल्यासारख्या जाणकार हाताला सोपा आहे. एक प्रतिमा, शक्यतो वेळेने मधली, आधार म्हणून धरावी. आधी कडी जुळवून तिन्ही थर एकत्र करावेत. मग उरलेल्या दोन प्रतिमांतला उपग्रह वेगळा कापून घ्यावा आणि आधार प्रतिमेतल्या उपग्रहाच्या जागेवर, खड्ड्यांवर खड्डे बसतील असा, ठेवावा. उपग्रह उचलल्यावर मागे जी जागा रिकामी राहते, ती ज्या प्रतिमांत तिथे उपग्रह नव्हता, त्यांतून भरून काढावी. उपग्रहाच्या मागे कडी असतील, तर हे काम चिकाटीचे आहे. एका चित्राला एक रविवार सहज जातो. असे चित्र प्रसिद्ध करताना उपग्रहाची जागा अमुक क्षणाची आहे, एवढे सांगितले की त्यात काहीही गैर राहत नाही. काही पिक्सेलांवर शुद्ध लाल, शुद्ध हिरवे किंवा शुद्ध निळे ठिपके दिसतील. ते तारे नव्हेत. वैश्विक किरण संवेदकावर आदळल्याने एकाच प्रतिमेत पांढरा ठिपका उमटतो आणि जोडल्यावर तो त्या थराचा रंग घेतो. ते ठिपके पुसून टाकावेत.

हिरवट झाकेचे कारण वेगळे आहे. संकेतस्थळावर लगेच टाकल्या जाणाऱ्या कच्च्या प्रतिमांचा उजेड-अंधार प्रत्येक प्रतिमेपुरता आपोआप ताणलेला असतो, जेणेकरून ती पाहायला स्पष्ट दिसावी. त्यामुळे निळ्या फिल्टरमधली मुळात काळवंडलेली प्रतिमाही उजळ होऊन येते आणि तीन रंगांचे आपसातले प्रमाण हरवते. आपल्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक प्लेटेला शाई वेगवेगळ्या हाताने दिली गेली आहे. यातून दोन वाटा निघतात. चित्रात कडी किंवा एन्सेलाडससारखा जवळजवळ पांढरा उपग्रह असेल, तर तो पांढरा दिसेपर्यंत तिन्ही थरांचे प्रमाण हाताने बसवावे. ही कामचलाऊ वाट झाली. पक्की वाट म्हणजे नासाच्या ‘प्लॅनेटरी डेटा सिस्टिम’ या अभिलेखागारातल्या मूळ प्रतिमा घेणे. त्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. प्रत्येकीसोबत फिल्टर कोणता, प्रकाश किती मिलिसेकंद घेतला, कोणत्या क्षणी घेतला, याची नोंद असते आणि त्यावरून मूळ प्रमाण परत मिळवता येते.

एक गोष्ट मात्र आपल्या हाताच्या सवयीविरुद्ध जाईल. छपाईत शाया एकावर एक चढवल्या की रंग गडद होत जातो. पडद्यावर प्रकाश एकात एक मिसळला की रंग उजळत जातो आणि तिन्ही पूर्ण झाले की पांढरा होतो. त्यामुळे ‘निळा कमी करा’ असे म्हटल्यावर हात सवयीने जिकडे जाईल, त्याच्या उलट परिणाम दिसेल. आणि कधी हिरव्या फिल्टरमधली प्रतिमाच उपलब्ध नसेल, तर लाल आणि निळ्याची सरासरी काढून हिरवी बनवावी. १ सप्टेंबर १९७९ रोजी शनीजवळून गेलेल्या पायोनिअर ११ या यानाने फक्त लाल आणि निळ्याच मोजण्या केल्या होत्या. शनीची जवळून घेतलेली पहिली रंगीत चित्रे अशा बनवलेल्या हिरव्यावरच उभी आहेत.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांकडून असे एखादे चित्र करवून घ्यावे, अशी इच्छा आहे. शाळेत चार जुने संगणक आहेत. खर्च न करता हे होईल का? (शिक्षिका, जि. लातूर)

उत्तर : निश्चित होईल. ‘जिंप’ हा चित्रसंपादनाचा विनामूल्य कार्यक्रम आहे. सारख्या आकाराच्या तीन कृष्णधवल प्रतिमा उघडून ‘कलर्स’ या यादीतील ‘कंपोनंट्स’मध्ये जाऊन ‘कंपोज’ निवडले आणि कोणता थर लाल, कोणता हिरवा, कोणता निळा हे सांगितले की रंगीत चित्र समोर येते. सुरुवातीला विस्तृत कॅमेऱ्यातून घेतलेला, संपूर्ण शनी दाखवणारा संच घ्यावा. उपग्रहांच्या सरकण्याची डोकेदुखी पहिल्याच दिवशी नको.

पण माझी विनंती अशी, की शनीकडे जाण्याआधी एक तास वर्गातच द्यावा. कोणाच्या तरी घरून पैठणी मागवावी. टेबलावर तिचा पदर पसरून मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर न हलेल असा ठेवावा आणि कृष्णधवल पद्धतीवर घ्यावा. मग लेन्ससमोर लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद एकेक करून धरून तीन छायाचित्रे काढावीत. लाल कागदातून पदरावरचा पोपट काळसर होतो आणि चोच उजळते. हिरव्यातून पोपट उजळतो आणि चोच बुडते. मुलांना आधी ही तीन करडी चित्रे दाखवून पदराचे रंग ओळखायला सांगावे, मगच ती जोडावीत. जिलेटिन कागद फारसे काटेकोर नसतात, विशेषतः निळ्यातून थोडा लाल निसटतो, म्हणून जुळलेले रंग मूळ पदराशी तंतोतंत मिळणार नाहीत. ते का मिळाले नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे. धूपछाव पोताची साडी मिळाली, तर अधिकच उत्तम : उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, आणि डोळ्याला दिसणारा तिसराच. रंग वस्तूत किती आणि डोळ्यात किती, हा प्रश्न मग पाठ्यपुस्तकातून काढावा लागत नाही.

प्रश्न : एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवावरच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे छायाचित्र मी पाहिले. दुसरीकडे एन्सेलाडस पूर्ण पांढरा आहे, असे वाचले. त्या छायाचित्राखाली ‘फॉल्स कलर’ असे लिहिले होते. म्हणजे शास्त्रज्ञच ते खोटे आहे, असे मान्य करतात का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : ‘फॉल्स कलर’चे ‘खोटे रंग’ हे भाषांतर मला मुळीच पटत नाही. ‘नेमून दिलेले रंग’ म्हणावे. डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात घेतलेली प्रतिमा डोळ्याला दाखवायची, तर तिला दिसणारा कोणता तरी रंग नेमून द्यावाच लागतो.

५०४ किलोमीटर व्यासाचा एन्सेलाडस डोळ्याला बर्फासारखा पांढराच दिसेल. त्याच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश तो परत पाठवतो. आपण पाहिलेल्या प्रकारच्या छायाचित्रात अतिनील, हिरव्या आणि अवरक्त फिल्टरमधल्या प्रतिमा घेऊन त्यांना अनुक्रमे निळा, हिरवा आणि लाल रंग नेमून दिलेला असतो. दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या लांब भेगांच्या कडेचा बर्फ भोवतालच्या बर्फाहून वेगळा, मोठ्या कणांचा आहे. असा बर्फ अवरक्त प्रकाश अधिक शोषतो, म्हणून लाल थरात तो भाग मंद होतो आणि उरतो तो निळा-हिरवा. म्हणजे पट्टे खरे, त्यांचा वेगळेपणा खरा आणि तो वेगळेपणा मोजलेला. फक्त निळा-हिरवा ही त्याची खूण आहे. याच भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अंतराळात उडतात, हे २००५ मध्ये कॅसिनीनेच दाखवले. टायटनचेही असेच. ५१५० किलोमीटर व्यासाचा हा उपग्रह डोळ्याला नारिंगी धुक्याचा गुळगुळीत चेंडू दिसतो. धुक्याखालची जमीन पाहायची, तर ९३८ नॅनोमीटरच्या अवरक्त फिल्टरमधूनच पाहावी लागते, आणि त्या प्रकाशाला डोळ्याच्या भाषेत नावच नाही.

मला खोटे वाटते ते वेगळेच : नेमून दिलेल्या रंगांचे छायाचित्र खालची ओळ कापून ‘शनीचा खरा रंग’ म्हणून पुढे पाठवणे. जेम्स वेब दुर्बिणीने जून २०२३ मध्ये घेतलेल्या शनीच्या प्रतिमेचे तसे झाले. ती एकाच अवरक्त फिल्टरमधली प्रतिमा आहे. त्या प्रकाशात मिथेन वायूमुळे शनीचा गोल जवळजवळ काळा होतो आणि कडी झळाळतात. तिला दिलेली नारिंगी छटा पाहून शनी काळवंडला, असे संदेश आपल्याकडेही फिरले होते.

प्रश्न : शनीच्या छायाचित्रांत मागे एकही तारा का नसतो? पार्श्वभूमी काळ्या रंगाने रंगवतात का? (विद्यार्थी, हिंगोली)

उत्तर : रंगवत नाहीत. उन्हात उजळलेला शनी नीट यावा म्हणून कॅमेरा फार थोडा वेळ प्रकाश घेतो, आणि तेवढ्या वेळात ताऱ्यांचा मंद प्रकाश उमटत नाही. रात्री क्रिकेटच्या मैदानावरच्या दिव्यांखाली काढलेल्या छायाचित्रात तरी आकाशातले तारे कुठे येतात?

मात्र १९ जुलै २०१३ रोजी कॅसिनी शनीच्या सावलीत असताना घेतलेले छायाचित्र अवश्य पाहा. सूर्य शनीमागे लपलेला, कडी मागून उजळलेली आणि त्यात पृथ्वीचा निळसर ठिपका. चार तासांहून थोड्या अधिक काळात घेतलेल्या प्रतिमांपैकी विस्तृत कॅमेऱ्याच्या १४१ प्रतिमा जोडून ते केलेले आहे. पृथ्वी आणि काही उपग्रह दिसावेत म्हणून ते शनीच्या तुलनेत मुद्दाम उजळले आहेत, आणि तसे त्याच्या माहितीत उघडपणे लिहिलेले आहे. कॅसिनीच्या छायाचित्रण गटाच्या प्रमुख कॅरोलिन पोर्को यांनी त्या दिवशी जगभरच्या लोकांना वर पाहून हसण्याचे आवाहन केले होते.

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे. घराच्या स्लॅबवरून मोबाइल लावून शनी टिपतो. कडी दिसतात, पण चित्र पाण्यात पाहिल्यासारखे हलते आणि गोलाच्या एका काठाला निळी, तर दुसऱ्या काठाला लाल किनार येते. टायटन तर चित्रात येतच नाही. दुर्बीण सदोष आहे का? (शेतकरी वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : दुर्बिणीला दोष देण्याआधी स्लॅब सोडा. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या गरम हवेतून पाहिलेले सगळे थरथरते. आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या माळवदावर हा त्रास कमी होता. आपण शेतकरी आहात, तर दुर्बीण शेतात, गवताच्या किंवा उभ्या पिकाच्या जवळ न्या आणि पाहण्याआधी तासभर बाहेर उघडी ठेवा, म्हणजे आरसाही हवेइतका थंड होईल.

लाल-निळी किनार आपल्या वातावरणामुळे येते. ग्रह क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो. त्यात निळा प्रकाश लालपेक्षा थोडा अधिक वळतो आणि शनीचे निळे चित्र लाल चित्राच्या किंचित वर सरकते. म्हणून शनी उंच येईपर्यंत थांबा. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबरच्या सुमारास तो सूर्याच्या बरोबर समोर येईल. त्या दिवसांत मध्यरात्रीच्या आसपास तो आपल्या भागातून सत्तर अंशांहून अधिक उंच असतो आणि पावसाने धुतलेली हवाही स्वच्छ असते. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती. आता ती हळूहळू उघडत चालली आहेत. एवढे करूनही किनार उरली, तर जालन्याच्या वाचकांना सांगितलेलीच युक्ती करा : चित्राचे तीन रंग वेगळे काढा, निळा आणि लाल थर हिरव्यावर सरकवून बसवा आणि पुन्हा जोडा.

एकेक छायाचित्र काढण्याऐवजी दोन-तीन मिनिटांचे चलच्चित्र घ्या. ‘ऑटोस्टॅकर्ट’ हा विनामूल्य कार्यक्रम त्यातल्या हजारो चौकटींतून हवा स्थिर असतानाच्या चौकटी निवडून एकावर एक रचतो. चार-पाच मिनिटांपलीकडे मात्र जाऊ नका, कारण शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि तपशील पुसट होऊ लागतो.

टायटन आपल्या दुर्बिणीतून डोळ्याला सहज दिसेल, पण शनीच्या मापाने लावलेल्या उजेडात तो उमटणार नाही. त्याच्यासाठी प्रकाश अधिक वेळ घेऊन दुसरे चित्रण करा. त्यात शनीचा पांढरा डाग होईल, होऊ द्या. नंतर पहिल्या चित्रणातला शनी त्या डागाच्या जागी बसवा आणि दोन वेगळ्या चित्रणांची जोड असल्याचे खाली लिहा. टायटन शनीभोवती एक फेरी सुमारे सोळा दिवसांत करतो. सोळा रात्री ठरावीक वेळी असे एकेक चित्र घेतले, तर तो एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला जाऊन परत आलेला एका पट्टीवर दाखवता येईल. ती पट्टी तयार झाली की मूळ चित्रणासह आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात मधल्या पानावर छापू.